हृदयशस्त्रक्रिया आणि हृदयाशेजारचे मज्जातंतू

मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ हे हृदयरोगावरील उपचारांचे एक महत्त्वाचे ठिकाण आहे. १९५५ साली स्थापन झालेले गांधी वैद्यकीय महाविद्यालय व त्याला संलग्न असलेले हमीदिया रुग्णालय, २००० साली सुरू झालेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय व संशोधन केंद्र आणि २०१२ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या तिन्ही ठिकाणी दूरदूरचे हृदयरुग्ण येतात. मुलताई, पांढुर्णा, बऱ्हाणपूर या मराठी बोलल्या जाणाऱ्या भागांतील कुटुंबे आजारपणात कधी नागपूरची वाट धरतात, तर कधी भोपाळची. ज्या घरातील कर्त्या माणसाची छाती उघडून हृदयावर शस्त्रक्रिया झालेली असते, त्या घराचे सारे लक्ष साहजिकच एका गोष्टीकडे लागलेले असते: हृदय नीट चालू लागले किंवा नाही?

बहुतेक रुग्णांचे हृदय नीट चालू लागते. तथापि घरी परतलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत एखादी वेगळीच तक्रार दिसून येते. कोणाचा आवाज बसलेला असतो आणि तो महिना उलटला तरी सुटत नाही. कोणाला उताणे निजले की दम लागतो. कोणाची करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होऊन हातातील विळा किंवा लेखणी निसटते. घरातील मंडळी याला ‘अशक्तपणा’ हे एकच नाव देतात आणि दूध, तूप, शिरा यांचा मारा सुरू होतो. काही जण शस्त्रक्रियाच बिघडली असे धरून चालतात. या दोन्ही समजुती बहुतेक वेळा चुकीच्या असतात. शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते व अशक्तपणाही फारसा नसतो. हृदयाच्या शेजारून जाणाऱ्या एखाद्या मज्जातंतूला ताण, थंडी अथवा दाब यांमुळे इजा झालेली असते. ही इजा ओळखता येते, बहुधा ती भरूनही येते. परंतु ती भरून येईपर्यंतच्या काळात रुग्णास जपावे लागते. त्यासाठी प्रथम ती काय आहे, हे समजून घेतले पाहिजे.

मानेतून निघालेले तंतू छातीत कसे?

मज्जातंतू म्हणजे मेंदू व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांच्याकडून अवयवांकडे आज्ञा नेणारे आणि अवयवांकडून संवेदना आणणारे धागे होत. हृदयाच्या अगदी जवळून जाणारे काही महत्त्वाचे तंतू मानेतून निघालेले असतात. छाती व पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा जो स्नायूंचा पडदा आहे, त्यास श्वासपटल म्हणतात. शांत श्वासोच्छ्वासाचे निम्म्याहून अधिक काम हा पडदा करतो. त्याला हलविणारा फ्रेनिक नावाचा तंतू मात्र मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मुळांतून निघतो आणि संपूर्ण छाती पार करून खाली येतो. कामाचे ठिकाण छातीच्या तळाशी आणि निघण्याचे ठिकाण मानेत, हा लांबचा प्रवास कशासाठी?

याचे उत्तर गर्भावस्थेत सापडते. गर्भ अगदी लहान असताना हृदय व श्वासपटल या दोहोंची जडणघडण मानेच्या भागाजवळ होते. पुढे गर्भ वाढतो तसे हे अवयव खाली सरकतात व जाताना आपला तंतू आपल्याबरोबर ओढून नेतात. आवाजाच्या तंतूची कथा याहून मनोरंजक आहे. डाव्या बाजूचा हा तंतू मानेतून छातीत उतरतो, हृदयातून निघालेल्या महारोहिणीच्या कमानीला खालून वळसा घालतो आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्राशी पोहोचतो. उजव्या बाजूचा तंतू छातीत इतका खोल न जाता हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीला वळसा घालून परततो. जिराफाच्या शरीरात हा डावा तंतू चार मीटरांहून अधिक लांबीचा असतो, असे सांगितल्यास प्राणिशास्त्राचा हा धडा विद्यार्थी सहसा विसरणार नाहीत.

तात्पर्य, शल्यचिकित्सक जेव्हा हृदयापर्यंत पोहोचतो, तेव्हा तो या तंतूंच्या शेजारातच काम करीत असतो. डावा फ्रेनिक तंतू हृदयाच्या आवरणाला चिकटून, डाव्या जवनिकेच्या बाजूने खाली जातो. उजवा तंतू उजव्या अलिंदाच्या व वरच्या महानीलेच्या कडेने जातो. त्यांची जाडी सुताच्या दोऱ्याहून फारशी अधिक नसते.

बर्फ आणि श्वासाचा पडदा

हृदयाच्या अनेक शस्त्रक्रियांमध्ये हृदयाचे ठोके काही काळ थांबवावे लागतात. रक्त फिरविण्याचे व त्यात प्राणवायू मिसळण्याचे काम त्या वेळी यंत्राकडे सोपविलेले असते. अशा यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी केली. हृदय थांबलेले असताना त्याच्या स्नायूंना रक्त मिळत नाही. त्या स्नायूंची प्राणवायूची गरज कमी व्हावी म्हणून हृदय थंड करण्याची पद्धत रूढ झाली. थंड औषधी द्रव हृदयाच्या रोहिण्यांत सोडतात. पूर्वी त्याच्या जोडीला मिठाच्या पाण्याचा भुसभुशीत बर्फ हृदयाभोवती घालण्याची रीत सर्रास होती.

या बर्फाने हृदयाचे रक्षण झाले, पण त्याच्या आवरणाला लागून असलेला डावा फ्रेनिक तंतूही गारठला. कडाक्याच्या थंडीत बोटे बधिर होतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की या तंतूचा बधिरपणा काही तासांत न जाता आठवडे किंवा महिने टिकतो. शस्त्रक्रियेनंतर क्ष-किरण चित्रात डाव्या बाजूचे श्वासपटल वर चढलेले दिसू लागले आणि कारणाचा शोध बर्फापर्यंत पोहोचला. पुढे अनेक शल्यचिकित्सकांनी बर्फ वापरणे सोडले किंवा हृदय व आवरण यांच्यामध्ये उष्णतारोधक गादी ठेवण्यास प्रारंभ केला, आणि हे प्रमाण कमी झाले. बायपास शस्त्रक्रियेत छातीच्या हाडामागील रोहिणी सोडवून घेतात. तिच्या वरच्या टोकाजवळूनही हा तंतू जातो. तेथेही त्यास ओढ बसणे, रक्तपुरवठा तुटणे किंवा रक्तस्राव थांबविण्याच्या विद्युत उपकरणाची आंच लागणे शक्य असते.

एका बाजूचा तंतू बंद पडला म्हणजे काय होते? श्वास घेताना निरोगी बाजूचा पडदा खाली उतरतो. लुळी पडलेली बाजू मात्र उलट वर ओढली जाते. ज्याची फुप्फुसे मुळात धडधाकट आहेत, अशा प्रौढ माणसास याचा फारसा त्रास होत नाही. कित्येकांना आपणांस असे काही झाले होते हे कधी कळतही नाही. जिना चढताना जरा अधिक दम लागला, एवढेच. उताणे निजल्यावर मात्र पोटातील अवयव लुळ्या पडद्याला वर ढकलतात व श्वास अपुरा पडतो. रुग्ण दोन-तीन उशा मागू लागतो किंवा बसूनच रात्र काढतो.

येथे एक गोष्ट विशेष काळजीपूर्वक ध्यानात घ्यावयास हवी. उताणे निजल्यावर दम लागणे हे हृदय कमकुवत झाल्याचेही लक्षण असते. पायांवर सूज, वजनात झपाट्याने वाढ, रात्री दचकून उठून श्वासासाठी धडपड ही चिन्हे सोबत असतील, तर संशय हृदयाकडेच अधिक जातो. घरातल्या कोणीही, अथवा गावातल्या कोणा जाणकाराने, ‘हा तंतूचा दम आहे, जाईल हळूहळू’ असा निकाल परस्पर देऊ नये. रुग्णालयात क्ष-किरण चित्र, सोनोग्राफी व हृदयाची तपासणी यांवरून हा भेद करता येतो. एक साधी तपासणी तर पाहण्यासारखी असते: रुग्णाला क्ष-किरणांच्या पडद्यासमोर उभे करून नाकाने झटकन हुंगावयास सांगतात. निरोगी बाजू खाली जाते, लुळी बाजू वर उसळते.

भोपाळच्या फुप्फुसांचा प्रश्न

एरवी क्षुल्लक ठरणारी ही गुंतागुंत भोपाळमध्ये क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला व झोपेत असलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे दगावली. जी वाचली, त्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना कायमची इजा झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या लोकांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ अभ्यास केला. श्वसनाचे विकार हा त्यातील एक मुख्य भाग होता. वर उल्लेखिलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून, वायुपीडितांच्या उपचारांसाठीच उभे राहिले.

त्या रात्री जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज पन्नाशी ओलांडून गेले आहे. हृदयाच्या रोहिण्या अरुंद होण्याचे वय ते हेच. म्हणजे ज्यांच्या फुप्फुसांची ताकद लहानपणीच घटली, अशी माणसे आता बायपाससाठी किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी येण्याच्या वयात आहेत. निरोगी माणूस अर्ध्या श्वासपटलावर निभावून नेतो, कारण त्याच्यापाशी श्वासाची शिल्लक असते. ज्याची शिल्लक आधीच खर्ची पडली आहे, त्याला तीच इजा महाग पडते: कृत्रिम श्वसनयंत्रावर अधिक दिवस राहावे लागते, कफ साठतो, न्यूमोनियाचे भय वाढते. जुना दमा, विडीचे व्यसन, चुलीच्या धुरात गेलेले आयुष्य यांनाही हेच लागू आहे.

यावर उपाय शस्त्रक्रियेपूर्वी करावयाचा असतो. फुप्फुसांची क्षमता फुंकून मोजण्याची तपासणी आधी करून घेतली, तर शल्यचिकित्सकाला धोक्याची कल्पना येते. बर्फ टाळावा काय, रोहिणी कोणती घ्यावी, हे तो ठरवू शकतो. म्हणून रुग्णाने आपण वायुपीडित आहोत, आपल्याला दम्याचा त्रास आहे, हे स्वतःहून सांगावे. काही जण शस्त्रक्रिया नाकारली जाईल या भीतीने ही माहिती लपवितात. लपविल्याने शस्त्रक्रिया मिळेल, पण ती धोक्याची होऊन मिळेल.

आवाज बसणे

शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घातलेली असते. ती काढल्यावर घसा दुखणे व आवाज घोगरा होणे हे सर्वसाधारण आहे. चार-आठ दिवसांत ते ओसरते. दोन आठवडे उलटूनही आवाज हवा मिसळल्यासारखा, फुसका येत असेल, खोकल्यात जोर नसेल आणि पाणी पिताना ठसका लागत असेल, तर स्वरयंत्राच्या तंतूला इजा झाली असण्याचा संभव असतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून पाहून एका बाजूचा स्वररज्जू हलत नाही, हे काही मिनिटांत सांगू शकतात.

या तंतूला धोका केव्हा पोहोचतो, हे त्याच्या वळशावरूनच कळून येते. महारोहिणीच्या कमानीवरील शस्त्रक्रियेत तो वाटेतच येतो. जन्मापूर्वी फुप्फुसाची रोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी एक लहानशी वाहिनी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. काही बालकांत ती उघडीच राहते व हृदयावर भार पडतो. ही वाहिनी बांधून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया २६ ऑगस्ट १९३८ रोजी बॉस्टन येथे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी एका सात वर्षांच्या मुलीवर केली. आवाजाचा डावा तंतू नेमका या वाहिनीलाच वळसा घालून जातो. म्हणून ही शस्त्रक्रिया करणारा प्रत्येक शल्यचिकित्सक प्रथम तो तंतू कोठे आहे हे पाहतो आणि मगच दोरा टाकतो. अपुऱ्या दिवसांच्या, किलो-दीड किलो वजनाच्या बालकात मात्र हा तंतू इतका बारीक असतो की, सर्व काळजी घेऊनही इजा होण्याची शक्यता उरते. अशा बालकाचे रडणे क्षीण होते व दूध पिताना ते गुदमरते.

आवाज बसला म्हणजे तो शस्त्रक्रियेनेच बसला, असे मात्र धरून चालू नये. १८९७ साली व्हिएन्ना येथील डॉ. नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत आवाज बसतो, हे दाखवून दिले. त्या काळी अशा रुग्णांवर हृदयाची शस्त्रक्रिया होतच नव्हती. अरुंद झडपेमुळे हृदयाचा कप्पा व फुप्फुसाची रोहिणी फुगतात आणि महारोहिणीच्या कमानीखाली हा तंतू दाबला जातो. आपल्याकडे लहानपणीच्या घसादुखीनंतर येणाऱ्या संधिवात-ज्वराने झडपा बिघडलेले रुग्ण आजही आढळतात. त्यांपैकी एखाद्याचा आवाज शस्त्रक्रियेपूर्वीच घोगरा असतो. तेव्हा शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी रुग्णाचा आवाज कसा होता, याची नोंद कागदावर असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे. पुष्कळसे गैरसमज व भांडणे एवढ्या एका नोंदीने टळतील.

बसलेल्या आवाजापेक्षा ठसका अधिक घातक असतो. स्वररज्जू नीट मिटत नसल्याने पाणी श्वासनलिकेत उतरते व न्यूमोनिया होऊ शकतो. अशा रुग्णाने ताठ बसून, लहान घोट घेऊन, हनुवटी छातीकडे झुकवून गिळावे, असे भौतिकोपचार व वाचोपचार तज्ज्ञ शिकवितात. पातळ पाणी, चहा, ताक यांपेक्षा घट्ट पेज, मऊ खिचडी, दही हे पदार्थ सुरुवातीस सोपे जातात. आजारी माणसाला निजवून चमच्याने पाणी पाजण्याची घरोघरची माया येथे घात करू शकते. पुढे बहुतेकांची दुसरी बाजू हळूहळू काम उचलते. न उचलल्यास लुळा स्वररज्जू औषध टोचून मध्याकडे सरकविण्याचे उपाय उपलब्ध आहेत.

करंगळी व अनामिका

हृदयाच्या बहुतेक शस्त्रक्रियांत छातीचे मधले हाड उभे कापून दोन्ही बाजू यंत्राने फाकवाव्या लागतात. हाड फाकते तेव्हा पहिली बरगडी वर उचलली जाते आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जाजालाची सर्वांत खालची मुळे ताणली जातात. ही मुळे हाताच्या करंगळीच्या बाजूला संवेदना व पंजाला पकड देतात. म्हणून शुद्धीवर आलेला रुग्ण करंगळी व अनामिका बधिर असल्याचे सांगतो. सदऱ्याची गुंडी लागत नाही, नोटा मोजता येत नाहीत, गाईची धार काढताना मूठ आवळत नाही. फाकविणारे यंत्र हाडाच्या खालच्या भागात लावणे व गरजेपुरतेच हळूहळू उघडणे हा यावरील मुख्य प्रतिबंध आहे.

याच बोटांचा बधिरपणा कोपरापाशी तंतू दाबला गेल्यानेही येतो. कोपर आपटले की झिणझिण्या येतात, हा अनुभव सर्वांनाच आहे; तो हाच तंतू होय. चार-पाच तास हात चुकीच्या स्थितीत राहिला तर तेथे दाब पडतो. कोपरापुढच्या हाताची आतली बाजूही बधिर असेल, तर दोष वर छातीशी; केवळ पंजापुरता असेल, तर कोपराशी, असा ढोबळ भेद डॉक्टर करतात. तंतूंची विद्युत तपासणी साधारण तीन आठवड्यांनंतर करणे इष्ट असते, कारण तत्पूर्वी तीत दोष पुरेसा उमटत नाही.

पायातील नीला काढून ती हृदयाला जोडलेली असल्यास पोटरीची व घोट्याची आतली बाजू काही महिने बधिर राहते किंवा जळजळते. याने चालण्यात व्यत्यय येत नाही. मात्र बधिर कातडीला शेक देणे टाळावे. गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजतो व रुग्णाला ते कळत नाही; मधुमेही माणसाला अशी जखम फार दिवस पुरते.

मात्र हात एकाएकी लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे मज्जातंतूच्या इजेची नव्हेत. तो मेंदूचा झटका असू शकतो. त्यात तासांचे नव्हे, मिनिटांचे महत्त्व असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

भरून येण्यास किती काळ?

ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली मज्जातंतूंच्या इजांचे तीन प्रकार सांगितले. ते आजही उपयोगी पडतात. पहिल्यात तंतू अखंड असतो, त्याचे वहन तेवढे थांबते. आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तो पूर्ववत होतो. दुसऱ्यात आतील धागे तुटतात, पण वरचे आवरण शाबूत राहते. त्या आवरणाच्या नळीतून धागे पुन्हा वाढतात. तिसऱ्यात सर्वच तुटते. ते आपोआप जुळत नाही. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या बहुतेक इजा पहिल्या, काही दुसऱ्या प्रकारच्या असतात.

तुटलेला धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. महिन्याला जेमतेम इंचभर. हृदयाच्या आवरणापासून श्वासपटलापर्यंत वीतभराहून कमी अंतर असते. त्याला पाच-सहा महिने लागतात. मानेपासून पंजापर्यंतचे अंतर पाऊण मीटरच्या घरात जाते. तेथे दीड-दोन वर्षे लागू शकतात आणि तोवर स्नायू वाळू नयेत म्हणून बोटांचा व्यायाम रोज चालू ठेवावा लागतो. ‘तीन महिने झाले, काही फरक नाही’ म्हणून निराश होऊन उपचार सोडणारे रुग्ण बहुधा हा हिशेब कोणी न सांगितल्यामुळेच सोडतात. मान मोडून घेणे, खांदा ओढून घेणे, छातीवर जोराने मालिश करणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. तारेने बांधलेले छातीचे हाड जुळण्यासच दोन-तीन महिने लागतात.

लहान बालकांच्या बाबतीत मात्र थांबून चालत नाही. त्यांच्या बरगड्यांमधील स्नायू कमजोर असल्याने त्यांचा सारा श्वास श्वासपटलावरच अवलंबून असतो. त्यामुळे एका बाजूचा पडदा लुळा पडला तरी बालक श्वसनयंत्रावरून निघू शकत नाही. अशा वेळी सैल पडद्याला चुण्या घालून तो टाक्यांनी ताठ केला जातो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतून जन्मजात हृदयदोष असलेली मुले शोधून शस्त्रक्रियेसाठी पाठविली जातात. ती मुले परत आल्यावर त्यांचा श्वास जलद चालतो काय, दूध पिताना घाम येतो काय, रडण्याचा आवाज क्षीण आहे काय, याकडे अंगणवाडी सेविकांनी लक्ष ठेवल्यास पुष्कळ काम होईल.

या विषयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हृदय प्रत्यारोपणात हृदयाला जाणारे तंतू कापणे अटळच असते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी देशातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ३ ऑगस्ट १९९४ रोजी डॉ. पी. वेणुगोपाल यांना यश आले आणि जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या संस्थेतही असे प्रत्यारोपण पार पडले. नव्या हृदयाला लगाम घालणारा व्हेगस तंतू जोडला जात नाही, म्हणून ते विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० च्या गतीने चालते. संवेदनेचे तंतूही तुटलेले असल्याने रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत बहुधा दुखत नाही. त्यामुळे अशा रुग्णाला नियमित तपासण्यांवरच विसंबावे लागते.

भाषेची अडचण

मराठी रुग्ण भोपाळला गेला म्हणजे आणखी एक अडचण उभी राहते. ती वैद्यकशास्त्राची नसून शब्दांची आहे. मराठीत ‘हात बधिर झाला’ म्हणजे संवेदना गेली. हिंदीत ‘बधिर’ म्हणजे बहिरा. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हे वाक्य ऐकणाऱ्या डॉक्टरला त्याचा बोध व्हावा कसा? तेथे ‘सुन्न’ म्हणावे लागते. मुंग्या येण्याला ‘झुनझुनी’ आणि दम लागण्याला ‘साँस फूलना’. फेरतपासणीस जाणाऱ्या रुग्णासाठी गावातील शिक्षकांनी किंवा आरोग्य सेवकांनी एक चिठ्ठी लिहून द्यावी. तक्रार कोणत्या दिवशी सुरू झाली, कोणत्या बोटांत किंवा कोणत्या बाजूस आहे, निजल्यावर वाढते काय, पाणी पिताना ठसका लागतो काय, शस्त्रक्रियेपूर्वी आवाज कसा होता, एवढे तीत हिंदीत असावे. रुग्णालयातून मिळालेले निर्गमन-पत्र बहुधा इंग्रजीत असते. ते ट्रंकेत न ठेवता त्या चिठ्ठीसोबत न्यावे, आणि जुन्या क्ष-किरण चित्रांची गुंडाळीही. श्वासपटल आधी कोठे होते व आता कोठे आहे, हे दोन चित्रे शेजारी धरल्याशिवाय कळत नाही.